चहा की कॉफी: डोक्याच्या कामाला कुठला कप?

अभ्यासाला बसताना कॉफी घेऊ की चहा, असं विचारणाऱ्याने आधी ठरवावं: झोप उडवायची आहे, की वाचलेलं लक्षात ठेवायचंय?

झोप उडवणारा ऐवज दोन्हींत एकच, कॅफीन. जागेपणी मेंदूत साचत जाणारं ॲडेनोसिन हे रसायन थकव्याची जाणीव करून देतं. कॅफीन त्याच्या जागा अडवून बसतं. थकवा जात नाही, त्याची वर्दी तेवढी पोचत नाही. २४० मिलीच्या फिल्टर कॉफीत साधारण ९५ मिलिग्रॅम कॅफीन असतं, तेवढ्याच काळ्या चहात त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे तरतरी आणण्यात कॉफी पुढे. हात थरथरणं आणि धडधडही तिच्याकडेच जास्त.

चहाची बाजू घेणारे चहातल्या थिॲनिन या घटकाचं नाव काढतात. कॅफीनच्या जोडीला ते दिलं की लक्ष कमी भरकटतं, असं काही प्रयोगांत दिसलं. पण तिथली मात्रा बहुतेकदा १०० मिलिग्रॅमच्या घरात. एका कपात त्याहून बरंच कमी उतरतं. 'चहाने शांत एकाग्रता' हा दावा मी तरी निम्माच धरतो.

स्मरणशक्तीचं गणित वेगळं. २०१४ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी लोकांना चित्रं दाखवली आणि नंतर काहींना २०० मिलिग्रॅम कॅफीनची गोळी दिली. दुसऱ्या दिवशी, आधीच्यासारखीच पण थोडी वेगळी चित्रं ओळखण्यात ते सरस ठरले. मात्र ही मंडळी एरवी फारसं कॅफीन न घेणारी होती, आणि एका प्रयोगावर किती विसंबायचं?

झोपेचं तसं नाही. वाचलेलं पक्कं होतं ते झोपेत, आणि कॅफीनचा निम्मा अंश उतरायला साधारण पाच तास लागतात. दुपारी चारचा मोठा मग रात्री नऊलाही अर्धा अंगात असतो. म्हणून माझा कौल: सकाळी कॉफी, दुपारनंतर फार तर चहा. जीव लवकर घाबरा होत असेल तर सकाळीही चहाच. निरोगी प्रौढाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालतं, गरोदरपणी २०० पर्यंत.

रोजचा कप असेल तर परीक्षेच्या आदल्या दिवशी अचानक सोडू नका. १२ ते २४ तासांत डोकं ठणकायला लागतं, म्हणजे नेमकं पेपरच्या वेळी.