विंडोज इन्स्टॉल अडले: डिस्क जीपीटी करावी की लेगसी बूट चालू करावे?

जुन्या डेस्कटॉपवर नव्याने विंडोज टाकताना डिस्क निवडण्याच्या टप्प्यावर ‘नेक्स्ट’चे बटण फिकट पडते आणि सूचना येते, की या डिस्कवर एमबीआर (डिस्कचे भाग आखण्याची जुनी पद्धत) पार्टिशन टेबल असून ईएफआय संगणकावर विंडोज फक्त जीपीटी (आखणीची नवी पद्धत) डिस्कवरच बसते. डिस्क खराब झाल्याची शंका येथे अनेकांना येते, पण ती बहुधा ठणठणीत असते. विंडोजचा पेनड्राइव्ह यूईएफआय (संगणक सुरू करणारी, बायोसच्या जागी आलेली नवी प्रणाली; सूचनेतली ईएफआय हीच) पद्धतीने सुरू झालेला आणि डिस्कची आखणी मात्र जुन्या बायोसच्या काळातली, एवढाच हा बेबनाव असतो.

लेगसी बूटचा, म्हणजे जुन्या बायोस पद्धतीने संगणक सुरू करण्याचा, मार्ग झटपट आहे. बायोस सेटिंगमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करू देणारी सोय) चालू करून बूट मेन्यूत पेनड्राइव्हची ‘यूईएफआय’ न लिहिलेली नोंद निवडली, की डिस्कची आखणी न बदलता काम पुढे सरकते. पण सिक्युअर बूट (फक्त विश्वासार्ह सॉफ्टवेअरनेच संगणक सुरू होऊ देणारी सुरक्षा) मिळत नाही, २ टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही आणि विंडोज ११ च्या अधिकृत अटींत यूईएफआय आवश्यक आहे. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्यामुळे ही सोय फार काळ पुरणारी नाही.

जीपीटीसाठी त्याच पडद्यावर शिफ्ट आणि एफ१० दाबून कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा लिहिण्याची खिडकी) उघडावी, त्यात ‘डिस्कपार्ट’ लिहून डिस्कची आखणी बदलणारे हे साधन सुरू करावे, ‘लिस्ट डिस्क’ने यादी पाहून योग्य डिस्क निवडावी आणि ‘क्लीन’नंतर ‘कन्व्हर्ट जीपीटी’ ही आज्ञा द्यावी. ‘क्लीन’ फक्त सी ड्राइव्ह पुसत नाही. त्याच डिस्कवरच्या डी ड्राइव्हमधले घरचे फोटो आणि हिशेबाच्या फायलीही जातात. म्हणून आधी बॅकअप घ्यावा, दुसरी डिस्क जोडलेली असल्यास तिची केबल काढून ठेवावी आणि यादीतला आकार पुन्हा एकदा ताडून पाहावा. जुने विंडोज अजून चालू होत असेल, तर विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून मिळणारे ‘एमबीआर२जीपीटी’ हे साधन डेटा न पुसता हेच काम करते. मात्र प्राथमिक पार्टिशन तीनपेक्षा जास्त नसावेत, आणि बॅकअप येथेही हवाच.

मदरबोर्ड यूईएफआय चालवत असेल, तर माझ्या मते जीपीटीच निवडावे. विंडोज ७ वरच चालणारे एखादे जुने सॉफ्टवेअर किंवा यूईएफआय न मानणारे जुने ग्राफिक्स कार्ड सांभाळायचे असेल, तरच लेगसीकडे वळावे. जीपीटी केल्यावर पेनड्राइव्ह ‘यूईएफआय’च्या नोंदीवरूनच सुरू करावा, नाहीतर डिस्क जीपीटी असल्याची उलटी तक्रार समोर येते.