दुपारी झोपता की रात्री? खानदेशच्या उन्हाळ्यात ट्रकची केबिन गार ठेवण्याचे पर्याय

केबिनला एसी बसवावा, कूलर घ्यावा की पंख्यावरच उन्हाळा काढावा, हे ठरवताना पैशांच्या आधी एक गोष्ट बघा: तुमची मोठी झोप कोणत्या वेळेला होते. रावेर-सावद्याहून केळी भरून उत्तरेकडे निघालेली गाडी शक्यतो रात्री पळवतात, कारण उन्हात तापलेला माल वाटेतच पिकायला लागतो. तिचा ड्रायव्हर झोपतो भर दुपारी, जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ वर असताना. उलट धुळ्याहून सुरतकडे किंवा नागपूरकडे पाइप, डाळ, सरकी नेणारा बहुधा रात्री ढाब्यावर गाडी लावतो. या दोघांना एकच सल्ला चालत नाही.

गाडीचा स्वतःचा एसी

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या, साडेतीन टनांवरच्या मालगाड्यांना केबिनचा एसी सक्तीचा आहे. नवी गाडी घेणाऱ्याला वाटतं, प्रश्न मिटला. चालवताना मिटलाच. पण हा एसी इंजिनच्या पट्ट्यावर चालतो. इंजिन बंद की तोही बंद.

गाडी स्टार्ट ठेवून झोपायचं म्हटलं तर मोठं इंजिन एसीसकट तासाला साधारण दोन-तीन लिटर डिझेल पितं. आठ तासांचे १६ ते २४ लिटर. डिझेल ९० रुपये धरलं तरी एका झोपेचे १,४४० ते २,१६० रुपये झाले. बीएस-६ गाडीत वर आणखी एक दुखणं: स्लोवर तासन् तास चालल्यावर सायलेन्सर पुरेसा तापत नाही, फिल्टरमध्ये काजळी साचत जाते आणि नेमकं घाईच्या वेळी रीजनरेशनचा (ती काजळी जाळून फिल्टर साफ करण्याचा) दिवा लागतो. ढाब्यावर चार गाड्या खेटून उभ्या असतील तर शेजारच्याचा धूर आपल्या केबिनमध्ये येतो, तो वेगळाच. तासाभराच्या डुलकीला हा मार्ग ठीक आहे, रोजच्या झोपेला नाही.

बॅटरीवरचा पार्किंग एसी

दुपारी झोपणाऱ्यासाठी खरा उपाय हाच, पण सगळ्यात जास्त फसगतही इथेच होते. दुकानदार एसी दाखवतो, बॅटरीचं बोलत नाही.

हिशोब साधा आहे. २४ व्होल्टचा पार्किंग एसी २० ते ४० अँपिअर ओढतो. बाहेर ४४ अंश असताना आकडा वरच्या टोकाकडेच राहतो. गाडीत १२ व्होल्टच्या, १३० एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीतला साठा) दोन बॅटऱ्या असतात. त्या सिरीजमध्ये असल्यामुळे व्होल्ट दुप्पट होतात, एएच १३०च राहतात. साध्या बॅटरीतून निम्म्याहून जास्त काढलं तर तिचं आयुष्य घटतं, म्हणजे वापरायला ६५ एएच. ३० अँपिअरने त्याचे दोन तास होतात. त्यानंतरही एसी चालवला तर उठल्यावर सेल्फ लागणार नाही. मग शेजारच्या गाडीला वायर लावून स्टार्ट करा.

म्हणून एसी घेणार असाल तर वेगळी लिथियम (एलएफपी) बॅटरी धरूनच भाव काढा. २५.६ व्होल्ट, २०० एएचच्या बॅटरीतून १६०-१७० एएच निर्धास्त काढता येतात, म्हणजे त्याच ३० अँपिअरने सुमारे साडेपाच तास. ती परत भरायला ४० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (अल्टरनेटरचा करंट मर्यादेत ठेवून बॅटरी भरणारा) लावला तर चार तासांहून थोडी जास्त गाडी चालावी लागते. हा चार्जर वाचवून बॅटरी सरळ अल्टरनेटरला जोडू नका: रिकामी लिथियम बॅटरी मिळेल तेवढा करंट खेचते, अल्टरनेटर तापतो आणि त्याची वाइंडिंग जळते. बॅटरीची जागा इंजिनच्या बोगद्यापासून (केबिनमधल्या, इंजिनवरच्या उंचवट्यापासून) लांब हवी. फार तापलेली बॅटरी तिच्यातलं संरक्षक सर्किट चार्जच होऊ देत नाही.

वायर १६ चौरस मिलिमीटर, शुद्ध तांब्याची. बॅटरीपासून एसीपर्यंत पाच मीटर अंतर असेल तर ४० अँपिअरला सुमारे अर्धा व्होल्ट पडतो, तेवढा चालतो. बारीक वायरीवर व्होल्टेज पडून एसी अधूनमधून बंद होतो आणि मिस्त्री गॅस तपासत बसतो. ६० अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलजवळ हवा, एसीजवळ नको. मधे कुठे वायर घासली तर आग तिथेच लागते.

छतावरचा एकसंध एसी की पाइप जोडलेला स्प्लिट? खानदेशातल्या रस्त्यांवर एकसंध बरा. त्याचा गॅस कारखान्यातच सीलबंद असतो. स्प्लिटचे जॉइंट हादऱ्यांनी ढिले होतात आणि दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागतो. एकसंधाची अडचण अशी की छतात भोक लागतं. रबराचा गॅस्केट चारही बाजूंनी सारखा आवळला नसेल तर पहिल्याच पावसात गादी भिजते. आधीच छताला झरोका असेल तर त्यातच बसवा. नवं कापकाम करायचं असेल तर आधी कंपनीकडे वॉरंटीचं आणि आरटीओकडे फेरफाराचं विचारून घ्या, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ याच संबंधी आहे.

जिनिंगमध्ये ये-जा असेल तर कंडेन्सरच्या जाळीत कापसाचे तंतू नमद्यासारखे बसतात आणि ऐन मे महिन्यात एसी ट्रिप होतो. मार्च संपायच्या आत टायरवाल्याकडची हवा कमी दाबाने, आतून बाहेर मारून घ्या. झोपण्याच्या फळीपुढे जाड पडदा लावला की थंड करायची जागा जवळपास निम्मी होते. या पडद्याइतका स्वस्तात काम करणारा भाग अख्ख्या फिटिंगमध्ये दुसरा नाही.

परवडतो का? एसी, बॅटरी, चार्जर आणि फिटिंग मिळून जो भाव सांगतील, त्याला वर काढलेल्या एका झोपेच्या डिझेलखर्चाने भागा. जितक्या झोपा येतील तितक्या दुपारी या उन्हाळ्यात काढणार आहात का, ते बघा. मात्र आजवर इंजिन चालू ठेवून झोपतच नसाल तर हा हिशोब तुमचा नाही. तुम्ही पैसे झोपेसाठी मोजताय, बचतीसाठी नाही.

कूलर

२४ व्होल्टचा छोटा कूलर तीन-चार अँपिअर घेतो, म्हणजे गाडीच्याच बॅटरीवर दुपार निघते. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो छान काम करतो. अट एकच: कूलरच्या समोरच्या दाराची काच चार बोटं उघडी हवी. बंद केबिनमध्ये अर्ध्या तासात दमट होतं आणि अंग चिकचिकतं. मृग लागला की उपयोग संपला. निघण्याआधी टाकी रिकामी करा, नाहीतर घाटात पाणी वायरिंगवर सांडतं.

पंखा आणि जाळी

रात्री झोपणाऱ्याने बाकी काही घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत. पंखा एक अँपिअर घेतो, आठ तासांत आठ एएच. बॅटरीला कळतही नाही. दुपारी मात्र तो झळाच अंगावर मारतो, ओलं उपरणं अंगावर घेतलं तरच सोसवतो. तापीकाठच्या केळीच्या पट्ट्यात डासांमुळे काच उघडी ठेववत नाही; दाराच्या चौकटीला चिकटपट्टीने बसणारी जाळी शिवून घ्या.

गाडी लावताना दुपारी पुढची काच उत्तरेकडे किंवा पूर्वेकडे करा आणि झाकण काचेच्या बाहेरून टाका. आतल्या पडद्यापर्यंत पोचलेलं ऊन आतच राहतं. इंजिन केबिनखाली असल्याने बंद केल्यावरही तासभर बोगद्यातून धग येते. जेवण आधी, झोप नंतर.

आणि १२ व्होल्टचा पंखा एकाच बॅटरीवरून घेऊ नका. ती बॅटरी कायम अर्धवट राहते, दुसरी जादा चार्ज होते आणि दोन्ही लवकर बसतात. २४ व्होल्टचा पंखा घ्या, नाहीतर मधे कन्व्हर्टर लावा. सकाळी स्टार्ट करण्याआधी मीटर बघा: २५.२ म्हणजे बॅटऱ्या भरलेल्या, २४.४ म्हणजे निम्म्यावर आल्या.