पाणी शुद्ध करायच्या मशिनींचं सर्व्हिसिंग: कंपनीचा जॉब घ्यावा की तालुक्यातले आरओ प्लांट?

डिप्लोमा झालेली पोरं बरेचदा विचारतात, भाऊ नागपूरच्या कंपनीत फिल्ड सर्व्हिसला जाऊ का इथंच गावोगावचे आरओ प्लांट सांभाळू. मी चार वर्षं कंपनीत काढली अन् आता दर्यापूरकडं गावातले प्लांट बघतो, म्हणून जसं दिसलं तसं लिहितो.

गावात पाणीच अवघड. आपला पूर्णेचा खारपाणपट्टा, बोअरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला मिलिग्रॅममधी) कुठं कुठं 2000 च्या वर, अन् बीआयएस, म्हणजे सरकारी मानक ठरवणारी संस्था, म्हणते पिण्याला 500, दुसरा सोर्सच नसेल तर 2000 पर्यंत. मेम्ब्रेनवर, म्हणजे क्षार अडवणाऱ्या आरओच्या पडद्यावर, खार बसतो, औषध सोडणारा डोसिंग पंप हवा धरतो, लाइट रात्रीची. मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी तापतं, मग मेम्ब्रेनमधून मीठ जास्त पास होतं अन् टीडीएस चढतो, नवीन पोरगा घाबरून मेम्ब्रेनच बदलायला सांगतो, तसं करू नका, सकाळी सहाला थंड पाण्यावर रीडिंग घ्या मग ठरवा. पैसा इथं उधारीवर चालतो, ग्रामपंचायतीचं बिल कधी निघेल ते सांगता येत नाही, पण रात्री आपल्या घरी जेवतो अन् शेतीवर लक्ष राहतं.

कंपनीत पगार वेळेवर, गाडीभाडं मिळतं, पण फोन रविवारीही येतो. फार्मात, म्हणजे औषधाच्या कारखान्यात, प्युरिफाइड वॉटरची कंडक्टिव्हिटी (पाण्यातून वीज किती वाहते ते, क्षार कमी तर ती कमी) 25 डिग्रीला सेंटिमीटरला 1.3 मायक्रोसिमेन्सच्या आत पाहिजे, लूप, म्हणजे ते पाणी फिरवणारी पाइपलाइन, 80 डिग्रीच्या पाण्यानं सॅनिटाइज करायचा, अन् प्रत्येक गोष्टीचा कागद. कागदाचा कंटाळा मलाही यायचा.

तो कंटाळा डायलिसिसच्या एका कॉलवर गेला. त्या सेंटरला क्लोरीनचं रजिस्टर दोन दिवस पुढचं भरलेलं होतं. क्लोरीन काढणाऱ्या कार्बन टाकीनंतरचं सॅम्पल घेतलं, क्लोरीन तपासायची पट्टी टाकली, रंग चढत गेला, लिमिट लिटरला 0.1 मिलिग्रॅम अन् हे त्याच्या किती तरी वर. चार तासांच्या एका डायलिसिसला 120 लिटर पाणी लागतं, त्यात क्लोरीन गेलं की पेशंटच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. मी मशिनी चालू करू दिल्या नाही. पहाटेच्या एसटीनं आलेले पेशंट बाकावर बसून, एक आजी सारखी विचारायची, "बाबू, कवा लावता?" कार्बन बदलून, धुऊन, परत टेस्ट करून चार वाजले.

म्हणून माझं मत, आधी दोन-तीन वर्षं कंपनीतच काढा, त्यातही डायलिसिसचं काम मिळालं तर सोडू नका. गावात तुमचं रीडिंग तपासणारं कोणी नसतं, प्लांटमधून निघणाऱ्या पाण्याचा टीडीएस 90 वरून 300 झाला तरी पाणी लोकांना गोडच लागतं. घरी म्हातारे मायबाप एकटे असतील तर गोष्ट वेगळी, मग गावातच करा, पण कोणाच्या हाताखाली सहा महिने राहून.

अन् ऑफर कोणतीही असो, हो म्हणायच्या आधी विचारून घ्या की टीडीएस मीटर अन् क्लोरीन किट कोण देणार, अन् त्या मीटरचं कॅलिब्रेशन, म्हणजे रीडिंग बरोबर येतं का ते तपासून जुळवणं, कोण करून देणार.