नाल की बिननाल? फोनच्या थर्मल कॅमेऱ्यातून खूर पाहताना: हिवाळा ते पावसाळा वापरल्यानंतरचा अनुभव

घोडा पाळणाऱ्यांपैकी बहुतेकांनी थर्मल कॅमेऱ्याचं, म्हणजे उष्णता रंगांत दाखवणाऱ्या कॅमेऱ्याचं, ते चित्र कधी ना कधी पाहिलेलं असतं. एकाच घोड्याचे चार पाय, तीन खूर लालभडक, चौथा निळाशार, आणि त्या निळ्या खुराला नाल. खाली ओळ असते की नाल ठोकली की खुरातलं रक्त आटतं. चित्र इतकं ठसठशीत आहे की बघणारा पुढे काही विचारतच नाही. मला मात्र ते आमच्याच घोड्यांवर करून बघायचं होतं. लोक नालेसाठी घोडं घेतात म्हणे. माझ्याकडे घोडे होतेच, मी नालेसाठी कॅमेरा घेतला.

कॅमेरा म्हणजे फोनच्या चार्जिंगच्या जागी टोचायचं आगपेटीएवढं यंत्र. रिझोल्यूशन २५६ × १९२ (चित्रातले आडवे-उभे ठिपके, म्हणजे पिक्सेल), किंमत वीस-पंचवीस हजारांच्या घरात. जनावरांच्या दवाखान्यांत वापरतात ते ६४० × ४८० चे कॅमेरे काही लाखांत जातात, तो विषयच नव्हता. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण या किमतीतल्या कॅमेऱ्यांचा स्वभाव थोड्याफार फरकाने सारखाच असतो आणि मला सांगायचंय ते त्या स्वभावाबद्दल.

आमची पागा बारामतीच्या बाजूला, माळावर. चिमणी ही काठेवाडी घोडी, पुढच्या दोन पायांना नाल, मागचे मोकळे. सुलतान चारही पायांना नालेचा, कारण तो लग्नाच्या वरातींना आणि डांबरी रस्त्यावर जातो. आणि मैना, भीमथडीचं बुटकं तट्टू, जिच्या खुराला जन्मात खिळा लागलेला नाही. तुलनेला एवढी मंडळी पुरेशी होती.

पहिल्या आठवड्यातच त्या प्रसिद्ध चित्राची हवा गेली. या कॅमेऱ्यांचं ॲप रंग स्वतःच वाटून टाकतं. चौकटीत जे सगळ्यात गरम ते लाल किंवा पांढरं, जे सगळ्यात थंड ते निळं, मग दोन्हींतला फरक वीस अंशांचा असो की दीड अंशाचा. चिमणीचे पुढचे दोन खूर जवळून धरले तर एक तांबडा आणि एक निळा दिसायचा. बोट ठेवून आकडे वाचले तर एक २९.१, दुसरा २७.८. तेच दोन खूर मागे उभ्या मोतद्दाराच्या चेहऱ्यासकट चौकटीत घेतले की दोन्ही एकाच हिरवट रंगाचे. म्हणून ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन तापमानाची खालची-वरची मर्यादा हाताने बांधून टाकायची (मी हिवाळ्यात १५ ते ३५ ठेवते), आणि ज्या चित्राच्या कडेला रंगांची पट्टी आणि आकडे नाहीत त्यावर विश्वास ठेवायचा नाही.

दुसरी गोष्ट लोखंडाची. थर्मल कॅमेरा तापमान थेट मोजत नाही. वस्तू जी अवरक्त किरणं सोडते ती तो पकडतो आणि त्यावरून आकडा काढतो. कातडी, केस, खुराचं शिंग (त्याचं कठीण कवच) ही किरणं भरपूर सोडतात, त्यामुळे त्यांचा आकडा बराचसा खरा. चकचकीत धातू मात्र स्वतःची किरणं कमी सोडतो आणि समोरची परत फेकतो. वापरून घासलेली नाल पाय उचलून आभाळाकडे केली की कॅमेरा नालेचं नाही, आभाळाचं तापमान दाखवतो, आणि हिवाळ्यातलं निरभ्र आभाळ भलतंच थंड असतं. नाल निळीशार! खात्री करायला मी सुलतानच्या नालेवर काळ्या इन्सुलेशन टेपचा बोटभर तुकडा चिकटवला आणि दोन मिनिटं थांबले. पट्टीखालचा आकडा खुराच्या खालच्या कडेएवढाच, आणि पट्टीच्या शेजारचं उघडं लोखंड त्याहून सात-आठ अंशांनी थंड. लोखंड तेच, पाय तोच. ही एक पट्टी लावली की निम्मे वाद मिटतात. गंजलेली जुनी नाल एवढी फसवत नाही.

तिसरी भानगड ऊन. चिमणीचा डावा पुढचा पाय पांढरा आहे, खूरही फिकट, उजवा काळा. सावलीत दोन्ही सारखे. कॅमेऱ्याला रंग कळत नाही, त्यामुळे काळं-पांढरं असण्याने अवरक्तात काही बिघडत नाही. पण सकाळच्या उन्हात पाच मिनिटं उभी राहिली की काळा खूर ऊन पितो आणि दोन-तीन अंशांनी वर जातो. पंचकल्याणी घोड्याचे चारही पाय पांढरे असतात, त्यामुळे तिथे हा घोळ होत नाही, पण एक-दोन पाय पांढऱ्या घोड्याचा उन्हातला फोटो काढून डाव्या-उजव्यावर निदान करणारे लोक मी पाहिलेत. हसावं की रडावं.

एवढं झाल्यावर माझी पद्धत बसली. घोडा सावलीत, कोरड्या जमिनीवर, निदान अर्धा तास. खूर पुसून कोरडा केलेला, कारण ओलं शिंग बाष्पीभवनाने गार पडतं. अंतर अर्धा ते पाऊण मीटर. या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल मीटरभर अंतरावर साधारण चार मिलिमीटरचा होतो, आणि केस संपून खूर सुरू होतो त्या रेषेखालचा गरम पट्टा जेमतेम बोटभर रुंद असतो. लांबून घेतलं तर तो पट्टा आजूबाजूच्या गारव्यात मिसळून जातो. आणि जमेल तिथे डावा-उजवा दोन्ही पाय एकाच चौकटीत, कारण या यंत्रांचा आकडा दोन अंश इकडेतिकडे असू शकतो, पण एकाच चित्रातल्या दोन जागांमधला फरक बराच भरवशाचा असतो.

आता मूळ प्रश्न. नालेचा खूर खरंच थंड असतो का? हिवाळ्याच्या पहाटे, हवा अकरा-बारा अंश, तीनही घोडी पागेत. मैनाचे बिननालेचे खूर हवेइतकेच गार. सुलतानचे पुढचे दोन गार, मागचा एक पंचवीसच्या वर. पाऊण तासाने पुन्हा पाहिलं तर मैनाचे पुढचे दोन्ही तापलेले आणि सुलतान सगळीकडे गार. दुसऱ्या पहाटे उलट. घोड्याचा पाय थंडीत रक्ताच्या झडपा बंद-चालू करत असतो, शिरा आणि धमन्या यांच्यामधल्या आडवाटा उघडतात-मिटतात, आणि निरोगी खूर दिवसभरात कधी हवेइतका गार तर कधी तिशीच्या पुढे असतो. त्या झुल्याचा झोका नाल असण्या-नसण्याच्या फरकापेक्षा कितीतरी मोठा आहे. एका क्षणी काढलेल्या एका फोटोवर रक्ताभिसरणाचा निकाल लावणं मला तरी पटत नाही.

एप्रिल-मे मध्ये कॅमेरा दुपारी बॅगेतच राहिला. हवा चाळीसच्या आसपास गेली की खूर, भिंत, जमीन सगळं एकाच रंगाचं होतं, बघायला काही उरत नाही. पण त्याच दिवसांत नालेचा एक परिणाम मला स्पष्ट दिसला, आणि तो रक्ताचा नव्हता. सुलतान डांबरावरून आला की नालेलगतची खुराची कडा, विशेषतः खिळ्यांच्या तोंडांभोवती, ठिपक्या-ठिपक्यांनी गरम असायची. लोखंड शिंगापेक्षा शंभरपटीहून सहज उष्णता वाहून नेतं, आणि खिळा ती खुराच्या भिंतीत, म्हणजे बाहेरच्या कवचात, आत घेऊन जातो. मैना त्याच रस्त्याने आली तर तिच्या खुराची खालची कडा तापायची पण उष्णता वर चढायची नाही. सावलीत उभं केल्यावर सुलतानचे ठिपके वीसेक मिनिटांत विरून जायचे. याने त्याला काही इजा झाली असं मला दिसलं नाही. तरी उन्हाळ्यात दुपारच्या वरातींना मी आता नकार देते.

पाऊस लागल्यावर चिमणीच्या पुढच्या पायांची नाल काढली. माती मऊ, काम कमी, खुराला विश्रांती. सुरुवातीला माळावरून चालवून आणली की तिच्या पुढच्या तळव्यांचा टोकाकडचा भाग गरम दिसायचा आणि खडीवर ती पाय राखून टाकायची. हळूहळू दोन्ही मावळलं. नाल नकोच म्हणणारे बिननालेवाले याला ‘रक्त परत आलं’ म्हणतात. मला वाटतं, वर्षानुवर्षं जमिनीला न लागलेला तळवा एकदम लागला म्हणून तो चिडला, मग सरावला. कॅमेऱ्याला दोन्ही एकच दिसतं, गरम म्हणजे गरम. ते बरं चाललंय की वाईट, हे त्याच्या हातात नाही.

याच वेळी आमच्या नालबंद चाचांनी मला एक गोष्ट दाखवली जी कुठल्याही कॅमेऱ्यापेक्षा बोलकी होती. काढलेली नाल उलटी करून टाचेकडची टोकं समोर धरली. वरच्या पृष्ठभागावर, खूर टेकतो तिथे, दोन्ही बाजूंना गुळगुळीत चकाकणारी पन्हळ पडलेली, नख अडकेल एवढी खोल. “बघा ताई, म्हणे नाल लावली की खूर जाम होतो. जाम होता तर लोखंड कशानं झिजलं?” खिळे खुराच्या रुंद भागाच्या पुढेच मारतात ते यासाठीच, की टाच वजनाखाली थोडी उघडावी-मिटावी. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात घोड्याच्या खुरावर संशोधन केलेले रॉबर्ट बोकर यांची मांडणी अशी की टाचेकडच्या कूर्चांमधल्या बारीक वाहिन्यांतून रक्त ढकललं जाताना चालण्याचा धक्का जिरतो, आणि त्यासाठी टाच नि तळव्याचा मागचा भाग जमिनीला लागायला हवा. ती मांडणी मला पटते, म्हणूनच चिमणीला पावसाळाभर मोकळं ठेवते. पण तिचा पुरावा रंगीत फोटोत शोधू नये.

कॅमेऱ्याचे पैसे वसूल झाले ते भलत्याच ठिकाणी. चाचा गावी गेलेले असताना सुलतानला दुसऱ्या एका नालबंदाकडून नाल बसवून घेतली. दोन-तीन दिवसांनी रोजच्या सवयीने पुढचे दोन पाय एका चौकटीत घेतले तर उजव्याच्या बाहेरच्या बाजूला, दुसऱ्या खिळ्याच्या वर, केसांच्या रेषेपासून खाली उतरणारा बोटभर गरम पट्टा. डाव्यापेक्षा अडीच अंश जास्त. तासाने तसाच, संध्याकाळी तसाच, दुसऱ्या सकाळी हवा गार असतानाही तिथेच. नुसता झोका असता तर तो हलला असता, हा हलेना. घोडा लंगडत नव्हता, फक्त वळताना किंचित आखडायचा. चाचांना फोन केला, ते आले, काही न बोलता हाताची उलटी बाजू खुरावर फिरवली, मग हातोडीने एकेक खिळा ठोकून पाहिला. दुसऱ्यावर सुलतानने पाय हिसकला. खिळा उपसला तर टोकाला काळपट ओल. पू व्हायच्या आत सापडला. डॉक्टरांनी भोक धुऊन आयोडीन भरलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं (घोड्याला धनुर्वात फार पटकन होतो, खिळ्याची जखम असली की हे टाळू नये), आणि आठवडाभरात तो सरळ चालू लागला. चाचांचं मत असं की त्यांच्या हातालाही ते कळलं असतंच. कळलं असतं, पण चाचा महिना-दीड महिन्यातून एकदा येतात आणि कॅमेरा रोज पागेत असतो.

तेव्हापासून माझा वापर हाच आहे: तोच घोडा, तीच वेळ, डावा विरुद्ध उजवा, फोटो तारखेसह जपून. एक अंशाहून जास्त फरक एकाच जागी दिवसभर टिकला तर घोट्याखालची नाडी चाचपायची आणि डॉक्टरांना कळवायचं. दोन्ही पुढचे खूर एकदम तापले, नाडी उडतेय, घोडा वजन टाचांवर टाकून मागे रेलतोय, असं दिसलं तर फोटो काढत बसू नये, तो लॅमिनायटिस (खुराच्या आतल्या थरांची सूज) असू शकतो आणि तिथे तास मोजावे लागतात. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघही स्पर्धांत पायांच्या तपासणीत थर्मोग्राफी वापरतो, पण तिथेही पशुवैद्याचा हात पायावर फिरतोच.

यंत्राच्या कटकटी आहेत. फोनचं कव्हर काढल्याशिवाय टोक आत बसत नाही. मी वीतभर लांबीची एक्स्टेन्शन केबल घेतली आणि वाकायचा त्रासही वाचला. उन्हात स्क्रीन दिसत नाही. फोनची बॅटरी भराभर उतरते, आणि कॅमेरा स्वतः तापू लागला की आकडे सरकतात, म्हणून जोडल्यावर पाच मिनिटं थांबून मगच मोजायचं. दर थोड्या वेळाने आतली झडप ‘टक्’ करते. सुलतानला काही नाही, मैना मात्र दर वेळी कान टवकारते आणि फोटो हलतो. ॲपने साध्या चित्रावर थर्मल चित्र बसवायची सोय दिली आहे, पण जवळून घेतल्यावर दोन्ही एकमेकांवर बसत नाहीत, खुराची कडा भलतीकडे दिसते. ते बंदच ठेवावं.

घ्यावा का? एखाददुसरा घोडा असेल आणि नालबंद वेळेवर येत असेल तर हाताची उलटी बाजू पुरते. पाच-दहा घोडी, रोजची फेरी, रस्त्याचं काम असेल तर घ्या, पण २५६ × १९२ पेक्षा कमीचा घेऊ नका. ८० × ६० वाल्यात खूर म्हणजे चार ठिपके दिसतात. नाल बरी की बिननाल, हे ठरवायला मात्र घेऊ नका. मी ते खुराच्या भिंतीच्या जाडीवर, कामावर आणि रस्त्यावर ठरवते. दिवाळीनंतर चिमणीचं डांबरावरचं काम सुरू झालं की तिच्या पुढच्या पायांना पुन्हा नाल बसेल, आणि मैना तशीच फिरेल.