पीएस५ की एक्सबॉक्स: फॅन लोकांचं किती ऐकायचं आणि किती सोडायचं

कंसोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन, घ्यायचाय असं कुठल्याही ग्रुपवर नुसतं टाकून बघा, दहा मिनिटांत दोन पार्ट्या पडतात, एक सोनीच्या प्लेस्टेशन ५ म्हणजे पीएस५ ची आणि एक मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सची. तुमचं बजेट किती, टीव्ही कुठला, मित्र काय खेळतात हे कोणी विचारत नाही, थेट "डोळे झाकून पीएस५ घे" नाहीतर "गेम पास असताना डिस्कवर पैसे कोण घालवतं". (गेम पास म्हणजे एक्सबॉक्सची महिन्याच्या भाड्यावर गेम देणारी स्कीम.) दोघांचंही थोडंथोडं खरं असतं, फक्त दोघंही आपल्या कंसोलबद्दलची एक गोष्ट सोयीस्कर विसरतात. म्हणून इथे मशीनबरोबर त्या मशीनच्या भक्तांचीही तुलना करतोय, कारण आपल्याकडे दुकानात खेळून बघून कंसोल घेणारे कमी आणि कोणाच्या तरी सांगण्यावरून घेणारेच जास्त.

आधी ताकदीचं उरकून टाकू. २०२० मध्ये दोन्ही कंसोल आले तेव्हा मोठ्या एक्सबॉक्सचे, म्हणजे सिरीज एक्सचे १२ टेराफ्लॉप (मशीन किती वेगाने हिशेब करतं त्याचं माप) आणि पीएस५ चे १०.२८ यावरून जी काही भांडणं झाली ती ज्यांनी बघितली त्यांनाच माहीत, एक्सबॉक्सवाल्यांनी तो १२ चा आकडा गळ्यात घालून फिरायचंच बाकी ठेवलं होतं. मग गेम आले, आणि सुरुवातीचे काही गेम उलट पीएस५ वरच जास्त स्मूथ चालले, की लगेच प्लेस्टेशनवाल्यांना आकड्यांपेक्षा अनुभव कसा महत्त्वाचा ते आठवलं. आज परिस्थिती अशी आहे की दोन्हीतला फरक दाखवायला लोक व्हिडिओ थांबवतात, फ्रेम चारपट मोठी करतात आणि गवताच्या पाती मोजतात. तुम्ही सोफ्यावर बसून ४३ इंची टीव्हीवर खेळणार असाल तर हा अख्खा विषय सोडून द्या.

एक्सबॉक्सची छोटी, स्वस्त सिरीज एस मात्र वेगळी गोष्ट आहे आणि इथे एक्सबॉक्सवाले गप्प बसतात. ४ टेराफ्लॉप, १० जीबी रॅम, सुरुवातीच्या मॉडेलला ५१२ जीबी स्टोरेज आणि डिस्क ड्राइव्हच नाही. बाल्डर्स गेट ३ हा गेम पीएस५ वर सप्टेंबर २०२३ ला आला, एक्सबॉक्सवर डिसेंबर उजाडला, कारण सिरीज एस वर स्प्लिट स्क्रीन, म्हणजे एकाच टीव्हीचे दोन भाग करून दोघांनी खेळणं, काही जमेना, शेवटी तिच्यावर ती सोय वगळूनच गेम काढला. पण ज्याला फुटबॉल, क्रिकेट आणि फोर्टनाइट एवढंच खेळायचंय त्याला ती छान पुरते, हेही खरं, आणि हे प्लेस्टेशनवाला तुम्हाला कधी सांगणार नाही.

आता हे वेड आलं कुठून? अमेरिकेत १९९० च्या आसपास सेगा आणि निन्टेन्डो या दोन कंसोल कंपन्यांची अशीच जुंपली होती, आणि ती सेगाने ठरवून पेटवली होती, जाहिरातीत सरळ निन्टेन्डोचं नाव घेऊन टोमणे मारायचे, आमचं मशीन मोठ्या पोरांचं आणि तुमचं बाळांचं असा सूर. १९९३ ला मॉर्टल कॉम्बॅट हा मारामारीचा गेम घरच्या कंसोलवर आला, निन्टेन्डोने रक्त काढून त्या जागी राखाडी घाम ठेवला, सेगावर कोड टाकला की लालेलाल रक्त. शाळाशाळांत यावरून गट पडले, आणि खप सेगावर जास्त झाला. मग २००१ मध्ये सेगाने कंसोल बनवणंच बंद केलं आणि त्यांचा सॉनिक निन्टेन्डोच्याच मशीनवर पळायला लागला! ज्यांनी निन्टेन्डोच्या मारिओला शिव्या घालत बालपण काढलं त्यांनी जायचं कुठे?

आपल्याकडे हे युद्ध पोचलंच नाही. आपल्याकडे होते मीडिया आणि टर्मिनेटर असल्या नावांचे निन्टेन्डोच्या मशीनची नक्कल मारलेले डबे, ९९९९ इन वन लिहिलेली पिवळी कॅसेट आणि त्यात तेच पाच-सहा गेम फिरून फिरून. मारिओ कोणत्या कंपनीचा हे नव्वद टक्के पोरांना माहीत नव्हतं आणि काही अडतही नव्हतं. आपली निष्ठा जन्मली ती पीएस२ च्या पार्लरमध्ये, तासावर पैसे, चार खुर्च्या, एक कंट्रोलर कायम बटण अडकणारा, आणि टेक्कन किंवा क्रिकेट ०७ साठी मागे उभी असलेली रांग. त्यातले बरेच पीएस२ चिप मारलेले, म्हणजे नकली डिस्क चालाव्यात म्हणून आत चिप बसवलेले, आणि डिस्क कॉपी केलेल्या, म्हणजे ज्या कंपनीवर आपण आज जीव टाकतो तिला तेव्हा आपल्याकडून एक रुपया मिळत नव्हता, गंमतच आहे. पण सोनीने इथे पाय रोवले हे मान्य करायला लागेल, २००९ मध्ये तर कबड्डी आणि विटीदांडू असलेला देसी अड्डा नावाचा गेमही पीएस२ वर आणला होता. त्यामुळे पस्तिशीचा कोणी दादा जेव्हा "प्लेस्टेशन ते प्लेस्टेशन" म्हणतो तेव्हा त्यात अर्ध पार्लर बोलत असतं. एक्सबॉक्सचं असं बालपण आपल्याकडे फार कमी जणांचं.

पण ह्या आठवणीचा एक फायदा आज रोकड स्वरूपात मिळतो तो म्हणजे डिस्कचा बाजार. प्लेस्टेशन घेणारे जास्त, म्हणून जुन्या डिस्क घेणारे-विकणारेही जास्त. समजा सोनीचा मोठा नवा गेम ४,९९९ ला घेतला आणि महिन्याभरात संपवून साडेतीन हजाराला विकला तर तो तुम्हाला पंधराशेला पडला, आणि तुम्ही स्वतः सहा महिने थांबून जुनाच घेतला तर अजून स्वस्त. डिस्कवर ओरखडा नको, कव्हर फाटलेलं नको, नाहीतर समोरचा भाव पाडतो. डिस्क ड्राइव्ह नसलेली डिजिटल एडिशन घेतलीत की हे सगळं बंद, मग सेल कधी लागतो त्याची वाट बघा. भारतात पीएस५ आला तेव्हा, फेब्रुवारी २०२१ ला, डिस्कवाला ४९,९९० आणि डिजिटल ३९,९९० होता, दहा हजार वाचले म्हणून खूश झालेले लोक पाच-सहा गेममध्येच ते दहा हजार परत देऊन बसतात. पीएस५ च्या नंतरच्या स्लिम मॉडेलला एक बरं आहे, डिस्क ड्राइव्ह नंतर वेगळा घेऊन लावता येतो.

एक्सबॉक्सवाल्याचं उत्तर ठरलेलं: गेम पास. आणि खरंच बरीच वर्षं त्याला तोड नव्हती, महिन्याला थोडे पैसे आणि शेकडो गेम, मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे तर पहिल्या दिवसापासून. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेत गेम पासचा सगळ्यात महागडा अल्टिमेट प्लॅन २० डॉलरवरून थेट ३० वर गेला, आपल्याकडेही चांगलाच वाढला, आणि जे लोक रोज "बेस्ट डील" म्हणून मेसेज टाकायचे त्यांचा आवाज तेव्हा जरा बसला. तरी एक गोष्ट धरून चला, वर्षाला आठ-दहा वेगवेगळे गेम चाखणारा माणूस असाल तर अजूनही परवडतं, वर्षभर एकच फुटबॉल खेळणारा असाल तर फुकट भाडं भरताय.

एक्सक्लुझिव्हचं, म्हणजे एकाच कंसोलवर मिळणाऱ्या गेमचं काय? इथे फॅन लोक अजून लढतायत आणि कंपन्या कधीच घरी गेल्यात. २०१३ ला मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन साठी दिवसातून एकदा इंटरनेटची हजेरी आणि जुन्या डिस्कवर बंधनं असले नियम आणले, सोनीने एक छोटासा व्हिडिओ टाकला, एका माणसाने दुसऱ्याच्या हातात डिस्क दिली, झाला गेम शेअर. पब्लिक खूश! काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने ते नियम मागे घेतले, आणि तोवर जे फॅन त्याच नियमांची हिरिरीने वकिली करत होते ते तोंडघशी पडले. आता तर २६ ऑगस्ट २०२५ ला एकाच दिवशी एक्सबॉक्सचा गिअर्स ऑफ वॉर पीएस५ वर आला आणि सोनीचा हेलडायव्हर्स २ एक्सबॉक्सवर गेला. एक्सबॉक्सचाच फोर्झा होरायझन ५ त्याच्याआधीच पीएस५ वर पोचला होता, एक्सबॉक्सची ओळख असलेल्या हॅलोचीही २०२५ मध्येच २०२६ साठी घोषणा झाली. हॅलो, प्लेस्टेशनवर! पण उलट दिशेने वाहतूक फार कमी, गॉड ऑफ वॉर किंवा स्पायडर-मॅन एक्सबॉक्सवर नाही, त्यामुळे गेमच्या बाबतीत आज पीएस५ चं पारडं सरळसरळ जड आहे, यात वाद घालण्यासारखं काही राहिलेलं नाही. घरात बऱ्यापैकी गेमिंग लॅपटॉप असेल तर एक्सबॉक्सचं मशीन घ्यायचं कारण अजूनच कमी होतं, कारण मायक्रोसॉफ्टचे गेम पीसीवर त्याच दिवशी येतात.

तरी लोक का भांडतात? हेन्री ताजफेल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या सुमारास ब्रिस्टलच्या शाळकरी पोरांचे चित्रकाराच्या आवडीवरून असं सांगून गट पाडले आणि पैसे वाटायला सांगितलं. बऱ्याच पोरांनी आपल्या गटाला जास्तीत जास्त मिळण्यापेक्षा समोरच्या गटापेक्षा जास्त मिळेल असं बघितलं, मग त्यात आपलं थोडं कमी झालं तरी चालेल. दुसऱ्याचा गेम लांबणीवर पडला की नाचणारे लोक बघितले की मला हेच आठवतं. वर पन्नास हजार घातलेले, खात्यावर तीस गेम अडकलेले, आता ते वाईट निघालं असं म्हणणार कोण.

कंट्रोलरचं थोडक्यात. पीएस५ चा डुअलसेन्स हातात घेऊन एकदा खेळाच, धनुष्य ताणताना ट्रिगर खरंच जड होतो, वाळूवरून चाललं की तळहातात खरखर जाणवते, पण बॅटरी आतली आणि लवकर उतरणारी. एक्सबॉक्सचा पकडायला आरामशीर, त्यात दोन पेन्सिल सेल, याला कोणी मागासलेपणा म्हणतं कोणी सोय, मी सोय म्हणेन, रिचार्जेबल सेल टाकले की प्रश्न मिटला. स्टिक आपोआप सरकण्याचा रोग दोन्हीकडे आहे, "आमच्याकडे नाही होत" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

निन्टेन्डो स्विचची आपल्याकडे अधिकृत विक्रीच नाही, इम्पोर्टचा माल, वॉरंटी रामभरोसे, घरात लहान पोरं असतील आणि बाहेरून आणून देणारं कोणी असेल तरच.

किंमत उतरेल म्हणून थांबू नका, कंसोल जुना झाला की स्वस्त होतो हा जुना हिशेब या वेळी उलटा झालाय, ४९९ डॉलरला आलेला सिरीज एक्स २०२५ मध्ये अमेरिकेत ६४९ ला विकला जात होता. दसरा-दिवाळीची ऑफर तेवढी बघा, बिल पक्कं घ्या. माझं विचाराल तर डिस्कवाला पीएस५, सिरीज एस फक्त बजेट अगदीच आखडलेलं असेल आणि स्वस्तात मिळत असेल तर. पण एक अट आहे, कॉल ऑफ ड्यूटी आणि फुटबॉलमध्ये क्रॉस-प्ले, म्हणजे वेगवेगळ्या कंसोलवरून एकत्र खेळायची सोय, असल्यामुळे मित्राकडे काय आहे याने फरक पडत नाही, जीटीए ऑनलाइनमध्ये मात्र ती सोय नाही. तुमचा रात्रीचा कंपू त्यात रमत असेल तर बाकी सगळं वाचलेलं बाजूला ठेवा आणि त्यांच्याकडे जे आहे तेच घ्या, सिरीज एस असली तरी.