ट्रॅव्हल आणि डबल ड्रिबल: स्पर्धेला फिबाचे नियम लावायचे, एनबीएचे की अमेरिकन हायस्कूलचे?

बास्केटबॉलची छोटी स्पर्धा भरवायची असेल, मुलांना शिकवायचं असेल किंवा नुकतीच शिट्टी हातात घेतली असेल तर हा प्रश्न येतोच, की रेफरीने कुठलं रूलबुक धरायचं. समोर तीन पर्याय असतात: फिबा (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघ), एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) आणि अमेरिकेतल्या हायस्कूलसाठी असलेलं एनएफएचएस या संस्थेचं. माझं मत आधीच सांगून टाकतो, मोठ्यांची स्पर्धा असेल तर डोळे झाकून फिबा घ्या, अगदी लहान मुलं असतील तर मात्र हायस्कूलच्या पद्धतीचा जरूर विचार करा.

ट्रॅव्हल म्हणजे बॉल हातात धरून नियमापेक्षा जास्त चालणं, त्यावरून भांडणं होतात ती बहुतेक वेळा पावलं किती टाकली यावरून नसतातच, पहिलं पाऊल कुठून मोजायचं यावरून असतात. उजव्या हाताचा साधा लेअप, म्हणजे पळत येऊन बास्केटजवळून मारलेला शॉट घ्या. खेळाडू पळत येतोय, ड्रिबल (बॉल जमिनीवर आपटत नेणं) संपवून बॉल हातात घेतला त्या क्षणी डावा पाय जमिनीवर आहे, मग उजवा पडला, मग परत डावा पडला आणि त्यावरून उडी मारून बॉल सोडला. फिबात हे शंभर टक्के लीगल, कारण बॉल घेताना जमिनीवर असलेला पाय मोजतच नाहीत, त्यालाच सगळे झिरो स्टेप म्हणतात, आणि उजवा एक, डावा दोन. एनबीएतही लीगल. पण एनएफएचएसच्या रेफरीसमोर हीच मूव्ह केली तर शिट्टी, कारण तिथे बॉल घेताना जमिनीवर असलेला डावा पायच पिव्होट, म्हणजे जागेवर रोवलेला पाय ठरतो, तो उचलून शॉट किंवा पास करता येतो पण बॉल हातात असताना तो परत टेकला की संपलं. म्हणजे खेळाडू तोच, पावलं तीच, निर्णय मात्र उलटा, आणि दोन्ही रेफरी आपापल्या जागी बरोबर.

फिबाने झिरो स्टेपचा हा बदल 2017 च्या ऑक्टोबरपासून लागू केला. त्याआधी फिबाचे आणि एनबीएचे सामने पाठोपाठ बघणाऱ्याचा गोंधळ व्हायचा, आता ट्रॅव्हलच्या बाबतीत दोघं बरेच जवळ आलेत. एनबीएने 2019 मध्ये बॉल ताब्यात आला म्हणजे नेमकं काय हे रूलबुकात जास्त स्पष्ट केलं: ड्रिबल संपवताना दोन्ही हात बॉलला लागले, किंवा हात बॉलखाली जाऊन बॉल थांबला, किंवा पास-शॉट करता येईल इतका कंट्रोल आला, की तिथून मोजणी सुरू. तुम्ही फिबा लावणार असाल तरी हा भाग नवीन रेफरींना वाचायला द्याच, नजर तयार व्हायला खूप उपयोग होतो.

तरी मैदानावर हे अवघडच असतं हो. 2018 च्या डिसेंबरमध्ये यूटा जॅझविरुद्ध एनबीएतल्या जेम्स हार्डनने जो स्टेपबॅक (मागे पाऊल घेऊन शॉट) मारला त्यावर शिट्टी वाजली नाही, आणि नंतर एनबीएच्या रेफरींच्या अधिकृत अकाउंटनेच सांगितलं की तो ट्रॅव्हल होता, स्टेपबॅकच्या आधीच दोन पावलं झाली होती. जगातले सगळ्यात अनुभवी रेफरी जिथे चुकतात तिथे तुमच्या रेफरीला प्रत्येक ड्राइव्हवर छातीठोक निर्णय मागू नका. चांगला रेफरी आधी पिव्होट कुठला ते शोधतो, त्याला बॉल ताब्यात आल्याचा क्षण दिसला नसेल तर तो अंदाजाने शिट्टी मारत नाही. मूव्ह विचित्र दिसली म्हणून ट्रॅव्हल देणं ही सगळ्यात वाईट सवय, युरोस्टेप (एका बाजूला पाऊल टाकून लगेच दुसऱ्या बाजूला जाणं) विचित्रच दिसते पण लीगल असते.

उभ्याने ड्रिबलची सुरुवात करताना मात्र तिन्हीकडे एकच नियम, पिव्होट उचलण्याआधी बॉल हातातून सुटलाच पाहिजे. पळताना पास घेतला तर फिबा आणि एनबीएत दुसरं पाऊल पडायच्या आत बॉल सोडून ड्रिबल सुरू करायचा, एनएफएचएसमध्ये तिथेही पिव्होटचाच हिशोब. बॉल घेऊन पडलात तर फिबात घसरत जाणं चालतं पण बॉल धरून लोळलात किंवा उठायला गेलात तर ट्रॅव्हल, एनएफएचएसमध्ये बॉल हातात असताना पडणं हाच ट्रॅव्हल, आणि एनबीएत घसरून फायदा घेता येत नाही.

डबल ड्रिबलला फार डोकं लावायची गरज नाही. दोन्ही हात एकदम लागले किंवा बॉल हातात विसावला की ड्रिबल संपला, परत सुरू केला की डबल. मधे समोरच्याचा हात लागला तर नव्याने ड्रिबल करता येतो. ड्रिबल संपल्यावर बॉल नुसता हातातून निसटला तर उचलता येतो, पण त्यानंतर ड्रिबल नाही, आणि प्रेक्षक सगळ्यात जास्त ओरडतात ते यावरच. कॅरीमध्ये (ड्रिबल करताना हात बॉलखाली घालून बॉल उचलल्यासारखा नेणं) पुस्तकांपेक्षा रेफरींच्या सवयीचा फरक मोठा, एनबीएत हात बॉलच्या बाजूने बराच खाली गेलेला चालवून घेतात, तसं बघून शिकलेली मुलं कडक रेफरीसमोर अडकतात.

एका ठिकाणी फिबा आणि एनबीए सरळ वेगळे आहेत. खरोखर शॉट मारला, रिंग-बोर्ड कशालाच लागला नाही आणि त्याच खेळाडूने बॉल परत पकडला, तर फिबात आणि हायस्कूलमध्ये खेळ चालू. एनबीएत दुसऱ्या कुणाचा हात लागल्याशिवाय त्याने तो पकडला की व्हायोलेशन.

आता फिबाच का? कारण बहुतेक देशांतली फेडरेशन्स तेच वापरतात, मुलं पुढे खेळली तर तेच भेटणार आहे आणि रेफरीही त्यातच तयार झालेले मिळतात. एनबीएचं पुस्तक घेतलंत तर खेळाडू खूश होतील, पण बाकी गोष्टीही तिथल्या येतात, 12 मिनिटांचे क्वार्टर आणि 6 फाउल वगैरे, आणि अर्धं इकडचं अर्धं तिकडचं केलं की प्रोटेस्ट आल्यावर दाखवायला पानच राहत नाही. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना मात्र मी आधी पिव्होटच पक्का करायला लावेन, झिरो स्टेप नंतर, कारण तो आधी शिकवला की मुलं उभ्यानेसुद्धा एक पाऊल फुकटचं घ्यायला लागतात. आणि काहीही निवडा, पहिल्या मॅचच्या आधी दोन्ही कॅप्टनना बोलावून झिरो स्टेप आहे की नाही आणि स्वतःचा एअरबॉल (रिंग-बोर्ड कशालाच न लागलेला शॉट) पकडता येतो की नाही एवढं रेफरीकडून सांगून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.