वडिलांच्या बायबलची नवी बांधणी
माझे वडील शिक्षक होते, आणि वर्गात जाण्यापूर्वी पवित्र शास्त्र वाचून प्रत्येक विद्यार्थ्यासाठी नावानिशी प्रार्थना करण्याचा नेम त्यांनी निवृत्तीपर्यंत मोडला नाही. ते प्रभूमध्ये निद्रिस्त झाल्यानंतर त्यांचे खिळखिळे झालेले बायबल आम्ही बांधणीसाठी दिले. कारागिराने नुसती पाने चिकटवून वेळ मारून नेली नाही. प्रत्येक जुज, म्हणजे एकत्र दुमडलेल्या पानांचा गठ्ठा, सुटा करून पुन्हा दोऱ्याने शिवला आणि, माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचे म्हणजे, समासात पेन्सिलीने लिहिलेली विद्यार्थ्यांची नावे जाऊ नयेत म्हणून पानांच्या कडा अजिबात कापल्या नाहीत. पाठीवरची सोनेरी अक्षरे मात्र किंचित तिरकी आली आहेत. त्यांच्या आवडत्या 23 व्या स्तोत्राच्या पानावरचा अंगठ्याचा फिकट डाग जसाच्या तसा राहिला आहे.